वास्तवाला तर्काचं ऐकावंच लागतं का?

उद्या हातातून सोडलेला दगड खाली न पडता छताकडे गेला, तर आपण हादरून जाऊ. पण मग कुणीतरी कॅमेरे लावील, मोजमापं घेईल, पुन्हा पुन्हा दगड सोडून बघेल आणि तो खरंच वर जात असेल तर गुरुत्वाकर्षणाचा नियम दुरुस्त करायला बसेल. आता दुसरी बातमी घ्या. एक दगड टेबलावर आहे आणि त्याच क्षणी, त्याच अर्थाने, तो टेबलावर नाही. ही बातमी ऐकून कुणी कॅमेरा घेऊन धावणार नाही. धावलाच तर कॅमेऱ्यात नेमकं काय दिसायला हवं, हे त्याला सांगता येणार नाही. पहिली बातमी ऐकून आपण म्हणतो, ‘असं कसं होईल?’ दुसरी ऐकून विचारतो, ‘म्हणजे तुम्हाला म्हणायचंय तरी काय?’

प्रश्न असा आहे: जग तर्काचे नियम पाळतं का, आणि पाळत असेल तर ते त्याच्यावर बंधनकारक आहेत का? की तर्क ही फक्त आपल्या डोक्याची सवय आहे आणि जगाला तिच्याशी काही देणंघेणं नाही? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना ते तपासता येईल. अव्याघाताचा नियम, म्हणजे एखादी गोष्ट एकाच वेळी असू आणि नसू शकत नाही हा नियम, जगावर कुणी लादलेला नाही आणि जग तो ‘पाळत’ही नाही. जगाबद्दल काही म्हणायचं असेल, तर त्या म्हणण्याला अर्थ यावा यासाठीची ती अट आहे. पण तर्काचे सगळेच नियम इतके पक्के नाहीत, आणि काही ठिकाणी जगाचं ऐकून ते बदलावे लागतील असं मानायला जागा आहे.

तर्कशास्त्राच्या पुस्तकात तीन नियम सुरुवातीलाच भेटतात. तादात्म्य नियम: वस्तू जी आहे ती तीच आहे. अव्याघात नियम: एखादं विधान आणि त्याचा नकार ही दोन्ही एकदम खरी असू शकत नाहीत. विमध्य नियम: विधान किंवा त्याचा नकार यांपैकी एक खरं असतंच, मधली वाट नाही. पहिल्याबद्दल फारसा वाद नाही. तिसऱ्याबद्दल बराच आहे, त्याकडे शेवटी येऊ. सगळं अवलंबून आहे ते दुसऱ्यावर.

ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात हा नियम मांडला तो फार जपून. एकच गुणधर्म एकाच वस्तूला, एकाच वेळी, एकाच दृष्टीने लागू पडतो आणि पडत नाही, असं होऊ शकत नाही. यातली एकही अट वगळून चालत नाही. धावत्या गाडीतला प्रवासी डब्याच्या दृष्टीने स्थिर आणि रुळांच्या दृष्टीने गतिमान असतो. यात विरोध नाही. जैन तत्त्वज्ञांनी तर या ‘कोणत्या दृष्टीने’ची सप्तभंगी ही अख्खी पद्धत उभारली. प्रत्येक विधानाआधी ‘स्यात्’ जोडायचं, म्हणजे ते कोणत्या अपेक्षेने केलं आहे याचं भान सुटत नाही. वस्तू आहे आणि नाही असं ते म्हणतात तेव्हा एकाच अपेक्षेने म्हणत नाहीत. त्यामुळे स्याद्वादाला तर्कविरोधी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. विरोधापासून दूर राहण्याची इतकी काळजी फार थोड्यांनी घेतली आहे.

विज्ञानातही हेच घडत आलं आहे. आइन्स्टाइनने १९०५ साली दाखवलं, की फलाटावरचा माणूस दोन घटना एकाच वेळी घडल्या म्हणतो आणि धावत्या गाडीतला त्या एकाच वेळी घडल्या नाहीत म्हणतो, तेव्हा दोघंही बरोबर असू शकतात. यावर ‘निसर्गात विरोध सापडला’ असं कुणी जाहीर केलं नाही. ‘एकाच वेळी’ या म्हणण्याला कुणाच्या मोजणीनुसार ते जोडल्याशिवाय अर्थ नाही, असा निष्कर्ष निघाला. विरोध दिसला की आपण जगावर नाही, आपल्या वर्णनावर संशय घेतो. कुठली तरी अपेक्षा सांगायची राहिली आहे असं धरून शोधायला लागतो, आणि आजवर हा शोध बहुतेक वेळा फळाला आला आहे.

आता ‘पाळणं’ म्हणजे काय ते जवळून पाहू. फ्रेंच तत्त्वज्ञ रेने देकार्तने १६३० मध्ये एका पत्रात लिहिलं, की राजा आपल्या राज्यात कायदे घालून देतो तशी गणितातली शाश्वत सत्यं ईश्वराने घालून दिली आहेत. हे खरं मानलं तर ती वेगळीही असू शकली असती, आणि जग तर्काचा कायदा पाळणारी प्रजा ठरतं. त्याच्या साडेतीनशेहून जास्त वर्षं आधी ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस नेमकं उलटं म्हणून गेला होता. ज्यात स्वतःतच विरोध आहे ते ईश्वर करू शकत नाही असं म्हणण्यापेक्षा, ते होण्यासारखंच नाही असं म्हणणं बरं. म्हणजे ईश्वराच्या शक्तीला कुठे कुंपण घातलेलं नाही, कारण कुंपणापलीकडे काही नाहीच. आपल्याकडे न्यायदर्शनाच्या उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजली या ग्रंथात हाच मुद्दा आणखी नेमका धरला आहे. दोन गोष्टी परस्परविरोधी असतील तर तिसरा प्रकार संभवत नाही, आणि त्या दोन्ही एकच आहेत असंही म्हणता येत नाही, कारण विरोध त्या उच्चारातच आहे. विरोधी वाक्य जगाशी ताडून पाहायची वेळच येत नाही. बोलतानाच ते स्वतःला खोडून टाकतं.

मला हे पटतं, त्याचं कारण असं. गुरुत्वाकर्षणाचा नियम काहीतरी नाकारतो. हवेत तरंगणाऱ्या दगडाचं चित्र काढता येतं, त्याचं स्वप्न पडू शकतं, आणि निसर्गात तसं घडत नाही म्हणून तो नियम आपल्याला काही शिकवतो. अव्याघाताचा नियम नेमकं काय नाकारतो? टेबलावर असलेल्या आणि नसलेल्या दगडाचं चित्र काढून पाहा. टेबलावर दगड काढलात की अर्धं वाक्य झालं, उरलेल्या अर्ध्यासाठी तो पुसावा लागतो. जिथे मोडण्याची कल्पनाच करता येत नाही, तिथे पाळण्याचं श्रेय जगाला कशाला द्यायचं?

तर्क एकट्याने जगाबद्दल किती सांगू शकतो, याचं फार सुंदर उदाहरण गॅलिलिओने १६३८ साली छापून आणलं. समजा, जड दगड हलक्यापेक्षा जोरात पडतो. आता दोन्ही दोरीने बांधून सोडले. हलका दगड जडाला मागे ओढणार, म्हणून जोडी एकट्या जड दगडापेक्षा हळू पडायला हवी. पण जोडीचं वजन एकट्या जड दगडापेक्षा जास्त, म्हणून ती आणखी जोरात पडायला हवी. दोन्ही एकदम होणार नाही. म्हणजे मुळातली समजूतच चुकीची आणि सगळे दगड सारखेच पडतात. प्रयोग नाही, मोजमाप नाही. पुढे १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडलं, आणि दोन्ही एकदमच टेकले.

हे वाचून वाटतं, की तर्काने निसर्गाला हुकूम सोडला आणि निसर्गाने तो मानला. पण जरा थांबा. दोन गोळ्यांवर वेगवेगळा विद्युतभार ठेवा आणि त्यांना विद्युतक्षेत्रात सोडा. भार आणि वस्तुमान यांचं गुणोत्तर वेगळं असेल तर दोन गोळे वेगवेगळ्या त्वरणाने जातात. दोरीने बांधले तर जोडीचं त्वरण दोघांच्या मधलं येतं. कुठेही विरोध नाही, आणि तरी ‘सगळे सारखे जातात’ हे इथे खोटं आहे. मग गॅलिलिओची युक्ती इथे का चालली नाही? कारण पडण्याचा वेग एकट्या वजनावरच ठरतो आणि वजनाबरोबर वाढतो, हे त्याने प्रतिपक्षाकडून गृहीत म्हणून घेतलं होतं. तर्काने इतकंच सांगितलं, की हे गृहीत आणि ‘हलका जडाला मागे ओढतो’ ही दोन्ही एका पिशवीत राहणार नाहीत. प्रत्यक्षात दगड सारखे का पडतात, हे त्यातून आलेलं नाही. ते निसर्गाला विचारूनच कळलं.

अव्याघाताचा आग्रह इतका का धरायचा? एखादा विरोध खपवून घेतला तर काय बिघडतं? रूढ तर्कशास्त्राचं उत्तर धक्कादायक आहे: सगळंच बिघडतं. समजा ‘दार उघडं आहे’ आणि ‘दार उघडं नाही’ ही दोन्ही खरी मानली. पहिलं खरं, म्हणून ‘दार उघडं आहे किंवा चंद्र गुळाचा आहे’ हेही खरं, कारण ‘किंवा’च्या एका बाजूचं खरेपण पुरतं. पण दार उघडं नाही हेही आपण मानलं आहे, म्हणून डावी बाजू कटली. उरलं काय? चंद्र गुळाचा आहे. गुळाच्या जागी वाटेल ते घाला, तेही सिद्ध होतं. आणि ज्या मांडणीतून वाटेल ते सिद्ध होतं ती काहीच नाकारत नाही, म्हणजे काहीच सांगत नाही.

एका विरोधातून वाटेल ते सिद्ध होण्याच्या या स्फोटाला सगळे भीत नाहीत. पोलंडच्या स्तानिस्लाव याश्कोव्स्कीने १९४८ मध्ये आणि ब्राझीलच्या न्यूटन दा कोस्ताने १९६३ च्या सुमारास अशी तर्कपद्धती बांधली, की एका विरोधातून सगळं सिद्ध होणार नाही. तिची गरज खरी आहे. नील्स बोरने १९१३ साली अणूचं प्रारूप मांडलं त्यात इलेक्ट्रॉनची कक्षा जुन्या यांत्रिकीने काढली होती. त्याच जुन्या भौतिकीनुसार कक्षेत फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनने ऊर्जा फेकत केंद्रकात कोसळायला हवं होतं, आणि बोरने तसं होत नाही असं सरळ ठरवून टाकलं. मांडणी आतून विसंगत, पण हायड्रोजनच्या वर्णपटातल्या रेषा तिने अचूक दिल्या. भौतिकशास्त्रज्ञांनी तिच्यातून चंद्र गुळाचा असल्याचं सिद्ध केलं नाही. विसंगत तुकडे एकमेकांपासून लांब ठेवून त्यांनी काम चालवलं. पण तिच्यावर ते समाधानीही राहिले नाहीत. १९२५-२६ मध्ये नवी क्वांटम यांत्रिकी आली आणि विसंगती गेली. विरोध हा अपुऱ्या कामाचा खुणेचा दगड मानला गेला, निसर्गाचा गुण नाही.

ग्रॅहम प्रीस्ट हा तत्त्वज्ञ याच्याही पुढे जातो. १९७९ पासून तो सांगत आला आहे, की काही विरोध खरेच असतात. त्याचं आवडतं उदाहरण म्हणजे ‘हे वाक्य खोटं आहे’. खरं मानलं तर ते खोटं ठरतं, खोटं मानलं तर खरं. प्रीस्ट म्हणतो, धडपड सोडा, ते दोन्ही आहे. हे मत मी हलक्यात घेत नाही. शंभर पळवाटा काढूनही हे वाक्य सुटलेलं नाही. पण ते स्वतःबद्दल बोलणारं वाक्य आहे, दगडाबद्दलचं नाही. त्यातून भाषेच्या रचनेत गाठ आहे एवढं दिसतं. टेबलावर गाठ आहे असं दिसायला आणखी पुरावा लागेल, आणि हलती वस्तू एका क्षणी एका जागी असते आणि नसतेही, हे दाखवायचे त्याचे युक्तिवाद मला तेवढे बळकट वाटत नाहीत.

इथे एक आक्षेप यायलाच हवा. तर्क फक्त बोलण्याची अट असेल, तर बोलणारे नव्हते तेव्हा काय? सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी डायनासोर नष्ट झाले, त्या वेळी पृथ्वीवर वाक्य बोलणारं कुणी नव्हतं. तेव्हा एखादा डायनासोर जिवंत असून जिवंत नसणं शक्य होतं का? नव्हतं. मग नियम भाषेच्या आधीपासूनचा झाला ना? आक्षेप बरोबर आहे, आणि ‘तर्क म्हणजे माणसाचा करार’ असं म्हणणाऱ्यांना तो आडवा येतो. करार बदलता येतो. हे बदलता येत नाही. पण मी करार म्हणत नाही. आज आपण त्या डायनासोरबद्दल बोलतो आहोत, आणि तो जिवंत होता हे बोलणं म्हणजेच त्याचं जिवंत नसणं नाकारणं. डायनासोरला यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही. तो जसा होता तसा होता, एवढंच पुरेसं होतं.

आता क्वांटम भौतिकी. तिने तर्क मोडला असं वारंवार ऐकू येतं. प्रकाश लहर आहे आणि कणही आहे, यात मुळी नकारच नाही. ‘लहर’ हा ‘कण’चा नकार नव्हे. भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगरच्या कल्पित प्रयोगात पेटीतलं मांजर जगणार की मरणार हे एका अणूच्या फुटण्यावर टांगलेलं असतं; त्या मांजराबद्दल गणित सांगतं ती तिसरीच अवस्था आहे, तिचं वर्णन काटेकोर आहे आणि त्यात ‘जिवंत आहे आणि जिवंत नाही’ असं कुठे लिहिलेलं नाही. या लोकप्रिय उदाहरणांनी काही सिद्ध होत नाही. खरा पेच दुसरीकडे आहे आणि तो या गोंगाटात हरवतो.

१९२२ मध्ये ओटो स्टर्न आणि वॉल्टर गेरलाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत विषम, म्हणजे जागोजागी कमीजास्त असलेल्या, चुंबकीय क्षेत्रातून सोडला. पडद्यावर एक पसरट पट्टा यायच्या ऐवजी झोत दोन भागांत फुटला. त्यांना वरचे आणि खालचे म्हणू. फक्त वरचे घ्या आणि पुन्हा तशाच उभ्या चुंबकातून पाठवा: सगळे वर जातात. आता ते वरचे आडव्या चुंबकातून पाठवा: निम्मे उजवीकडे, निम्मे डावीकडे. यातले उजवे घेऊन पुन्हा उभ्या चुंबकातून पाठवा. आधीच निवडलेले वरचेच होते, म्हणून सगळे वर जायला हवेत. तसं होत नाही. निम्मे खाली जातात. निवड पुसली गेलेली असते. सिद्धांतही हेच सांगतो, की ‘वरचा आणि उजवा’ अशी अणूची अवस्थाच नाही, आणि ‘वरचा आणि डावा’ अशीही नाही.

गॅरेट बर्कहॉफ आणि जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञांनी १९३६ मध्ये यातून एक ठळक निष्कर्ष काढला. वरच्या अणूबद्दल ‘हा वरचा आहे, आणि हा उजवा किंवा डावा आहे’ हे खरं. नेहमीच्या तर्काने यातून ‘वरचा आणि उजवा, किंवा वरचा आणि डावा’ हे निघायलाच हवं. पण त्या दोन्ही अवस्था अस्तित्वातच नाहीत. म्हणून ‘आणि’ला ‘किंवा’वर वाटून देण्याचा नियम इथे चालत नाही. अव्याघात शाबूत आहे, पण तर्काचा एक जुना, निरुपद्रवी वाटणारा नियम प्रयोगशाळेत अडकला.

अमेरिकी तत्त्वज्ञ हिलरी पटनमने १९६० च्या दशकाच्या अखेरीस यावरून थेट विचारलं: भूमितीचं जे झालं तेच तर्काचं होतंय का? युक्लिडची, म्हणजे आपण शाळेत शिकतो ती, भूमिती दोन हजार वर्षं विचाराचीच अट मानली जात होती. तत्त्वज्ञ इमान्युएल कांटलाही अवकाश दुसऱ्या तऱ्हेचा असणं कल्पनेबाहेरचं वाटत होतं. १९१५ मध्ये सामान्य सापेक्षता आली, १९१९ च्या ग्रहणात सूर्याजवळून जाणारे प्रकाशकिरण भाकिताइतके वळलेले मोजले गेले, आणि अवकाश युक्लिडचा नाही हे मान्य करावं लागलं. तर्कालाही निरीक्षणापुढे का वाकावं लागू नये?

हा प्रश्न मला या सगळ्या विषयातला सर्वांत मोलाचा वाटतो. पटनमने पुढे ही भूमिका स्वतःच सोडली, आणि बहुतेक भौतिकशास्त्रज्ञ नेहमीचाच तर्क वापरून क्वांटम गणित करतात. अडचण अशी आहे, की नव्या तर्कातलं ‘किंवा’ आपलं ‘किंवा’ राहत नाही: ‘उजवा किंवा डावा’ खरं असतं, पण उजवा असणं खरं नसतं आणि डावा असणंही खरं नसतं. जुना नियम मोडला, की तोच शब्द नव्या कामाला लावला? माझा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे. मात्र युक्लिडच्या बाजूनेही एकेकाळी हेच म्हटलं जाई, की वाकलेली ‘सरळ रेषा’ ही सरळ रेषाच नव्हे. त्यामुळे माझी खात्री इथे अव्याघाताइतकी पक्की नाही.

तर्क तपासायला बाहेरची जागा नाही, ही अडचण प्रत्येक वेळी आडवी येते. तराजू बरोबर आहे की नाही हे त्याच तराजूत तोलून ठरवायचं, तसा हा प्रकार. बर्कहॉफ आणि फॉन नॉयमन यांच्या १९३६ च्या लेखातली प्रमेयंही जुन्याच तर्काने सिद्ध केलेली आहेत. ॲरिस्टॉटलने याचा उपयोग करून घेतला होता. अव्याघात मी सिद्ध करणार नाही, तो म्हणतो. प्रतिपक्षाने फक्त काहीतरी अर्थपूर्ण बोलावं. बोलला, की त्याने एक गोष्ट नाकारली, म्हणजे नियम वापरला. नाही बोलला, तर वाद कुणाशी घालायचा?

विमध्य नियमाला असा बचाव नाही. डच गणिती एल. ई. जे. ब्राउवर याने १९०८ मध्येच तो अनंताबद्दल बेधडक वापरायला हरकत घेतली. दोनपेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, हा गोल्डबाखचा १७४२ चा अंदाज घ्या. चारावर अठरा शून्यं एवढ्या संख्येपर्यंत तो संगणकाने तपासून झाला आहे, सिद्ध झालेला नाही. तो खरा किंवा खोटा आहेच, असं आपण सहज म्हणतो. ब्राउवर विचारतो, कशावरून? संख्यांची अनंत रांग कुणी पूर्ण पाहिली आहे? सिद्धता नाही आणि अपवादही हाती नाही, तोवर त्याच्या मते ‘आहेच’ म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. हा नकार विसंगत नाही. त्यावर गणिताची एक पूर्ण, चालती शाखा उभी आहे.

आणि इथे मला खरोखर वाटतं, की जगाला बोलायला जागा आहे. रेडियम-२२६ चा अर्धायुकाल, म्हणजे त्याचे निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षं आहे. त्याचा एक अणू समोर आहे. ‘हा अणू उद्या फुटेल’ हे वाक्य आज खरं आहे की खोटं? उद्या तो फुटेल किंवा फुटणार नाही, एवढं म्हणायला बहुतेकांची हरकत नसते. पण त्या दोहोंपैकी एक वाक्य आजच खरं आहे का? ॲरिस्टॉटलने उद्याच्या आरमारी लढाईचं उदाहरण घेऊन हाच प्रश्न विचारला होता आणि तिथे तो थबकला होता. पोलिश तर्कशास्त्रज्ञ यान लुकासिएविचने १९२० मध्ये अशा वाक्यांसाठी खरं आणि खोटं यांखेरीज तिसरं मूल्य सुचवलं. उद्याची गोष्ट आज कुठेतरी ठरलेली असेल, तर त्या तिसऱ्या मूल्याची गरज नाही. भौतिकशास्त्र आज फक्त संभाव्यता देतं, आणि त्या संभाव्यतेमागे काही ठरलेलं लपलेलं आहे की नाही यावर क्वांटम यांत्रिकीचे निरनिराळे अर्थ लावणाऱ्यांचं एकमत नाही. काहीच ठरलेलं नसेल, तर प्रत्येक विधान आज खरं किंवा खोटं असतंच हे आपल्याला सोडावं लागेल, आणि त्याचं कारण आपल्या बोलण्याच्या पद्धतीत नसेल, रेडियमच्या त्या अणूत असेल.